गळ्यावरची सूज: घराण्याची की मिठाच्या बरणीची?

आमच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी सहावीतल्या एका मुलीला आवंढा गिळायला सांगितला, तिच्या गळ्याच्या खालच्या भागावर दोन्ही बाजूंनी अंगठे ठेवून चाचपलं आणि कार्डावर लिहिलं, 'गलगंड, श्रेणी २'. दुसऱ्या दिवशी मुलीची आई शाळेत आली. घाबरलेली अजिबात नव्हती. म्हणाली, "बाई, ह्या काय नवीन नाय. माझ्या आवशीचो गळो पण असोच होतो. आमच्या घराण्यातच आसा ता."

मी विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्या पालकांकडून ऐकलंय की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. कारण ते अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खरेपणामुळेच मुलं वर्षानुवर्षं तपासणीविना राहतात. 'घराण्यात' म्हणजे नेमकं कुठे? रक्तात, की रांधपाच्या खोलीत? आजी, आई आणि नात यांचं रक्त एक, तसं त्यांचं मीठही एकच. विहीर एक, भात एक, सकाळचा कोरा चहाही एकाच टोपातला. पिढ्यान्‌पिढ्या एखादी गोष्ट घरात दिसली म्हणून ती रक्तातूनच आली असं ठरत नाही.

आधी ग्रंथीबद्दल. कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला समोरून बिलगून थायरॉईड ग्रंथी असते. मोठ्या माणसात तिचं वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम. तिचं मुख्य काम थायरॉक्सिन नावाचं संप्रेरक बनवण्याचं. मुलाची उंची, हाडांची वाढ, मेंदूची वाढ, अंगातली ऊब, हृदयाचे ठोके, पोट साफ होणं, या सगळ्यावर त्याचा ताबा. थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू लागतात. आयोडीन शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. गरज मात्र इतकी थोडी की वजनकाट्यावर दिसणारसुद्धा नाही: ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला १२० मायक्रोग्रॅम, मोठ्यांना १५०, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

मग ग्रंथी मोठी का होते? मुलांना मी आंब्याच्या खळ्याचं उदाहरण देते. समजा, पेट्या ठोकायचं काम चाललंय. फळ्या आहेत, माणसं आहेत, पण खिळे कमी आलेत. दिवसाच्या पेट्या भरेनात, म्हणून मुकादम ओरडतो, "आणखी माणसं लावा!" माणसं वाढतात, खळं गच्च भरतं, बाहेर अंगणातही माणसं बसतात. पेट्या तरी तेवढ्याच, कारण अडचण खिळ्यांची होती. आपल्या शरीरातला मुकादम मेंदूच्या तळाशी बसलेली पिट्युटरी ग्रंथी. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की ती टीएसएच नावाचा निरोप जोरात धाडते. तो निरोप ऐकून थायरॉईडच्या पेशी वाढतात, ग्रंथी फुगते. खिळे म्हणजे आयोडीन. गळ्यावर दिसणारा फुगवटा हे त्या वाढलेल्या माणसांनी भरलेलं खळं आहे. सुश्रुतसंहितेतही गलगंडाचं वर्णन आहे, इतकं हे दुखणं आपल्या ओळखीचं.

हे खळ्याचं चित्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कारण पेट्या कमी होण्याची कारणं अनेक असतात, आणि बाहेरून मात्र प्रत्येक वेळी भरलेलं खळंच दिसतं.

कोकणात पहिला प्रश्न हमखास येतो: "समुद्र उशाला असताना आयोडीन कमी कसं पडेल?" प्रश्न रास्त आहे. आयोडीनचा शोधच मुळी समुद्री शेवाळाच्या राखेतून लागला, १८११ साली, फ्रान्समध्ये. शेवाळ समुद्राच्या पाण्यातलं आयोडीन शोषून स्वतःत साठवतं. पण आपण शेवाळ खात नाही. आपण मीठ खातो, आणि समुद्राच्या मिठात आयोडीन जवळपास नसतंच.

हिशेब करून पाहा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन साधारण ६० मायक्रोग्रॅम. ते सगळंच्या सगळं मिठात उतरलं असं धरलं, तरी ग्रॅममागे पावणेदोन मायक्रोग्रॅमच्या आत येतं. मुलाने दिवसात पाच ग्रॅम मीठ खाल्लं तर आठ-नऊ मायक्रोग्रॅम. गरज १२० ची. प्रत्यक्षात तेवढंही येत नाही. मिठागरात पाणी आटताना मिठाचे खडे आधी जमतात आणि आयोडीन बरंचसं मागे उरणाऱ्या कडवट पाण्यात राहतं किंवा हवेत उडून जातं. म्हणजे आपल्याच खाजणातलं, आपल्याच मिठागरातलं पांढरंशुभ्र मीठ या बाबतीत रिकामं असतं. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. त्या मिठाबद्दल आपल्या मनात जिव्हाळा आहे आणि असायलाच हवा. पण गळ्याच्या ग्रंथीला तो जिव्हाळा पुरत नाही.

जमिनीचंही तसंच. समुद्रावरचा वारा थोडं आयोडीन आत आणतो, पण रोपं मातीतलं आयोडीन फारच थोडं वर ओढतात, आणि भाताच्या दाण्यात तर ते नगण्य उतरतं. ज्या ताटात भात, पेज आणि कुळथाची पिठी हाच मोठा भाग असतो, त्या ताटात दुसरीकडून आयोडीन आलं नाही तर ते येतच नाही.

"पण आम्ही मासे खातो ना!" हो, समुद्रातल्या मासळीत आयोडीन असतं. गोड्या पाण्यातल्या माशांपेक्षा आणि जमिनीवरच्या बहुतेक अन्नापेक्षा जास्त असतं. बंदरावर राहणाऱ्या, रोज निस्त्याक खाणाऱ्या घराला त्याचा फायदा मिळतो. मात्र कोकण म्हणजे फक्त बंदर नव्हे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या वाड्यांवर ताजा बांगडा आठवड्यातून एकदा आला तरी पुष्कळ. पावसाळ्यात मासेमारी बंद, मग श्रावण, मग गणपती. शाकाहारी घरं वेगळीच. शिवाय मासळीचा भाव वाढला की घरात पहिली तुकडी कुणाच्या ताटातून कमी होते, हे शाळेत मुलांचे डबे पाहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. बहुतेकदा मुलीच्याच. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही.

म्हणून उरतं मीठ, आयोडीन घातलेलं. ही कल्पना किती साधी आणि किती भक्कम आहे हे सांगणाऱ्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरातली, १९१७ साली सुरू झालेली. तिथे डेव्हिड मरीन आणि ओलिव्हर किंबॉल या डॉक्टरांनी पाचवी ते बारावीच्या शाळकरी मुलींना वर्षातून दोनदा काही दिवस आयोडीनचा क्षार दिला. तो घेतलेल्या २१९० मुलींपैकी ग्रंथी वाढली फक्त ५ जणींची. न घेतलेल्या २३०५ मुलींपैकी ४९५ जणींची. दुसरी गोष्ट आपल्याच देशातली. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही गावांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, काहींना साधं. काही वर्षांत आयोडीनच्या मिठाच्या गावांत शाळकरी मुलांचे गलगंड स्पष्टपणे ओसरले. त्याच पुराव्यावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढे खाण्याच्या सगळ्याच मिठात आयोडीन घालायचं ठरलं. कांगड्यातल्या त्या आज्यांनाही नक्कीच वाटत असणार, की हे आपल्या घराण्यात आहे. रक्त बदललं नाही, मीठ बदललं, आणि नातवंडांचे गळे सपाट राहिले.

आपल्याकडे खाण्यासाठी आयोडीनविना मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे. कारखान्यात किलोमागे ३० मिलिग्रॅम आणि घरी पोचेपर्यंत निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं, असं गणित कार्यक्रमाने धरलेलं आहे. तरीही २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत पुरेसं आयोडीन असलेलं मीठ ७६.३ टक्के घरांतच सापडलं. म्हणजे ढोबळमानाने चार घरांमागे एक घर कोरडं.

कोकणात हे घर कोरडं कसं राहतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जाडं मीठ आपल्याकडे पन्नास कामांना लागतं. माडाच्या मुळाशी घालायला, कैऱ्या खारवायला, आमसुलं करायला, सुकी मासळी करायला, गुरांना द्यायला. त्यासाठी आणलेली गोण पडवीत असते, स्वस्त असते, आणि पुडीतलं मीठ संपलं की हात तिकडेच जातो. काही घरांत आमटीला जाडंच मीठ 'चवीला बरं' म्हणून मुद्दाम वापरतात. आणि समजा जाडं मीठ आयोडीनचं आणलं, तरी कचरा जावा म्हणून ते धुऊन घ्यायची रीत आहे. आयोडीन खड्याच्या पृष्ठभागावर शिंपडलेलं असतं, पहिल्याच पाण्यात ते निघून जातं.

मग पावसाळा. जून लागला की बरणीतलं मीठ पाझरायला लागतं, तळाशी पाणी साचतं, आणि त्या पाण्याबरोबर आयोडीनही खाली उतरतं. ते पाणी आपण ओतून देतो. आपल्याकडच्या दमट हवेचा विचार करूनच मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, ते जुन्या आयोडाइडपेक्षा जास्त टिकतं. पण चुलीच्या वैलाशेजारी उघडं ठेवलेलं मीठ किती टिकणार? घट्ट झाकणाची बरणी, कोरडा चमचा, चुलीपासून लांब, एका वेळी एकच लहान पुडी, आणि आमटी उतरवायच्या सुमारास मीठ घालणं. एवढ्याने पुष्कळ वाचतं. हल्ली सैंधव किंवा गुलाबी मीठ 'नैसर्गिक' म्हणून रोज वापरायची लाट आली आहे. उपवासाला ठीक आहे. रोजच्या स्वयंपाकात ते आलं, तर शिकल्यासवरल्या घरातही आयोडीन कमी पडू शकतं. आणि रक्तदाबासाठी मीठ कमी करा असं डॉक्टर सांगतात, ते योग्यच आहे. मीठ कमीच खावं, जे खातो ते आयोडीनचं असावं. दोन्ही सल्ले एकाच ताटात बसतात.

आता खळ्यात परत जाऊ. खिळे आले, पण हातोडीच नाही, तर? ही हातोडी म्हणजे लोह. आयोडीन संप्रेरकात ठोकून बसवणारं जे विकर (एन्झाइम) ग्रंथीत असतं, ते लोहाशिवाय काम करत नाही. म्हणून रक्तक्षय असलेल्या मुलाला आयोडीन देऊनही गलगंड हटत नाही, असं होऊ शकतं. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये गलगंड असलेल्या मुलांना आयोडीनयुक्त तेल पाजून ३० आठवड्यांनी पाहिलं, तेव्हा रक्त चांगलं असलेल्या मुलांत गलगंड १२ टक्क्यांवर आला होता. रक्तक्षय असलेल्या मुलांत तो अजून ६४ टक्के होता. औषध तेच, मात्रा तीच.

माझ्या मते कोकणातल्या शाळांसाठी हा मुद्दा मिठाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. वाड्यांमधून, शेतातून अनवाणी चालणाऱ्या मुलांच्या तळव्यांतून आकडेकृमी शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. मोठ्या मुलींची पाळी सुरू झालेली असते. त्यात सकाळी भाकरी किंवा चपाती कोऱ्या चहात बुडवून खायची सवय. चहातला तुरटपणा अन्नातलं लोह अडवतो. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, मलाही तो लागतो. जेवण-न्याहारी आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा, मुलांना तर चहा नकोच. उलट क जीवनसत्त्व लोह आत घ्यायला मदत करतं, आणि ते आपल्या परसात लोळत असतं. काजूची बोंडं आपण बिया काढून फेकून देतो, त्यांत क जीवनसत्त्व भरपूर असतं. पेरू आहे, आवळा आहे, डाळीवर पिळलेलं लिंबू आहे. शाळेत मिळणारी लोहाची गोळी, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी, आणि जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळी या दोन्ही गलगंडाच्या उपचाराचाच भाग समजा. मुलं गोळी खिशात घालून घरी नेतात आणि वाटेत फेकतात, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून आम्ही ती समोर खायला लावतो, आणि पालकांनी त्यावर रागावू नये.

काही अन्नपदार्थ खळ्याच्या दारात आडवे उभे राहतात आणि खिळे आत येऊ देत नाहीत. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा यांच्या कुळात असे घटक असतात. बांबूच्या कोंबात आणि कसाव्याच्या (साबुदाण्याच्या) कंदात सायनाइड सोडणारे पदार्थ असतात. शरीर त्याचं थायोसायनेट करतं, आणि थायोसायनेट ग्रंथीच्या दारात आयोडीनशी झोंबाझोंबी करतं. ईशान्य भारतात आणि काँगोमध्ये यावर अभ्यास झाले आहेत. पण तिथे हे पदार्थ रोजचे. आपल्याकडे पावसाळ्यात चार वेळा कोंबाची भाजी होते, तीही चिरून, पाण्यात ठेवून, उकडून, पाणी टाकून. आपल्या आज्यांनी घालून दिलेली ही रीत अगदी बरोबर आहे, ती मोडू नका. कोबी शिजवून खाल्ला तर मुलाला काहीही होत नाही. आयोडीन पुरेसं असेल तर या भाज्यांना घाबरायचं कारण नाही, आणि त्या ताटातून काढल्या तर नुकसानच जास्त. थायोसायनेट सिगारेट-विडीच्या धुरातूनही रक्तात वाढतं. घरात विडी ओढणारा माणूस हा या दृष्टीने कोबीपेक्षा वाईट.

इथवर वाचून वाटेल, की सगळा दोष मिठाचा आणि आहाराचा, घराण्याचा काहीच नाही. तसं नाही. मिठात आयोडीन येऊन दोन दशकं उलटल्यावर देशभरातल्या १४,७६२ मुलांची तपासणी झाली, तेव्हाही सुमारे २३ टक्के मुलांत गलगंड आढळला. खिळे पोचल्यावरही खळं भरलेलं दिसत असेल तर दुसरीकडे पाहायलाच हवं. इथे त्या आईच्या वाक्यातलं खरं असलेलं अर्धं समोर येतं.

सगळ्यात जास्त दिसणारं कौटुंबिक कारण म्हणजे शरीराचं स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणं. आपली रोगप्रतिकारक यंत्रणा थायरॉईडला परकं समजून तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. खळ्यातल्या राखणदाराने आपल्याच माणसांवर दगड मारावेत तसं. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोटोचा आजार म्हणतात. जिथे आयोडीन पुरेसं मिळतं तिथे मुलांच्या गलगंडाचं हेच सर्वांत मोठं कारण असतं. मुलांपेक्षा मुलींत ते कितीतरी अधिक, आणि वयात येण्याच्या सुमारास ते वर येतं. हा कल घराण्यातून चालत येतो. आजार जसाच्या तसा येत नाही, कल येतो. म्हणून डॉक्टर विचारतात: आई, मावशी, आजी यांच्यापैकी कुणाला थायरॉईडची गोळी चालू आहे का? घरात कुणाला लहानपणापासून इन्सुलिन लागणारा मधुमेह आहे का? कुणाच्या अंगावर कोड आहे का? हे आजार एकाच घरात फिरताना दिसतात. कोडाबद्दल बोलायला लोक लाजतात आणि माहिती लपवतात. कृपा करून लपवू नका. तो संसर्ग नाही, कलंक तर नाहीच, पण तुमच्या मुलीच्या गळ्याचं निदान त्या माहितीने लवकर होऊ शकतं.

रक्तातली दुसरी वाट विरळा आहे, पण जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे ती विसरून चालत नाही. संप्रेरक बनवण्याच्या साखळीतली एखादी कडी जन्मतःच कमजोर असते. आई आणि वडील दोघांकडेही त्या दोषाची एकेक प्रत असेल, तर ते स्वतः ठणठणीत असतात, मात्र त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आते-मामे भावंडांच्या लग्नात दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते, कारण आजोबा एकच. यातला एक प्रकार पेन्ड्रेड नावाच्या डॉक्टरांनी १८९६ साली नोंदवला. त्यात मूल जन्मापासून किंवा लहानपणी बहिरं होतं आणि पुढे गलगंड येतो. भावंडांपैकी एखाद्याला ऐकू कमी येत असेल आणि कुणाचा गळा सुजला असेल, तर या दोन गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगा. वेगवेगळ्या सांगितल्या तर त्यांचा मेळ बसायला वर्षं जातात.

आणि तिसरं, जे रक्त आणि ताट यांच्या मधोमध आहे. गरोदरपणी आईला आयोडीन कमी पडलं, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला ते कमी पडतं, कारण पहिले काही महिने बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर जगतं. जन्मानंतर आयोडीन आईच्या दुधातून येतं. म्हणजे आईच्या बरणीतलं मीठ मुलाच्या शाळेतल्या आकलनापर्यंत पोचतं. गळ्यावरची सूज हा या कमतरतेचा फक्त दिसणारा भाग. वर्गात मागे पडणारं, सतत पेंगणारं मूल 'मठ्ठ' ठरवण्याआधी मी आता एकदा त्याच्या गळ्याकडे पाहते. आधी पाहत नव्हते, याची खंत आहे.

घरी कसं पाहायचं? मुलाला उजेडात उभं करा, हनुवटी सहज ठेवा, घोटभर पाणी गिळायला सांगा. कंठमण्याच्या खाली काही वरखाली सरकताना दिसतंय का? मान सरळ असताना फुगवटा नुसत्या डोळ्यांना दिसला तर ती श्रेणी २. दिसत नाही पण हाताला लागतो, तर श्रेणी १. हाताने पाहताना माप त्याच मुलाच्या अंगठ्याचं: ग्रंथीची एक बाजू मुलाच्या अंगठ्याच्या शेवटच्या पेरापेक्षा मोठी लागली, तर ती वाढलेली आहे. ६ ते १२ वर्षांच्या शंभरातल्या पाच किंवा जास्त मुलांत गलगंड दिसला, तर तो त्या भागाचाच प्रश्न मानतात, एकट्यादुकट्या घराचा नाही. म्हणून वर्गात दोन-तीन गळे सुजलेले दिसले, तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. मीठ तपासायचा छोटा संच असतो. त्यातला थेंब मिठावर टाकला की आयोडीन असेल तर मीठ निळं-जांभळं होतं. रंग आलाच नाही, तर त्या घराला व्याख्यानाची गरज उरत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर बहुतेक वेळा रक्ताची टीएसएच आणि टी-४ (म्हणजे थायरॉक्सिन) तपासणी होते, गरजेप्रमाणे अँटी-टीपीओ (थायरॉईडवर उलटलेली) प्रतिपिंडं आणि सोनोग्राफी. हिमोग्लोबिनही पाहायला सांगा. गाठ एकाच बाजूला आणि कडक असेल, भरभर वाढत असेल, आवाज घोगरा झाला असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास असेल, तर मात्र 'बघू पुढच्या महिन्यात' नको. त्याच आठवड्यात जा. उंची थांबली, थंडी फार वाजते, पोट साफ होत नाही, किंवा याच्या उलट छाती धडधडते, हात कापतात, खाऊनही वजन उतरतं, तरीही जा. आणि कुणी सांगितलं म्हणून आयोडीनचे थेंब किंवा परदेशी शेवाळाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. गरजेपेक्षा जास्त आयोडीननेही ग्रंथी बिघडते, विशेषतः राखणदारच उलटलेला असेल तिथे. आयोडीनअभावी वाढलेली ग्रंथी योग्य मीठ सुरू झाल्यावर लगेच बसत नाही, काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं लागतात. मधेच धीर सोडून जुन्या गोणीकडे वळणारी घरं मी पाहिली आहेत.

त्या सहावीतल्या मुलीच्या घरच्या मिठावर आशाताईंनी थेंब टाकला. रंग आला, गडद. मीठ चांगलं होतं. मग तिची रक्ततपासणी झाली, टीएसएच वाढलेला, प्रतिपिंडं भरपूर. डॉक्टरांनी तिची गोळी सुरू केली आणि सहज तिच्या आईकडे पाहून विचारलं, "तुम्हाला थकवा येतो का? केस गळतात का?" आई म्हणाली, "ता सगळ्यांकच होता." तिचंही रक्त घेतलं. तिचा टीएसएच मुलीपेक्षा जास्त निघाला. बहुधा अनेक वर्षांपासून तसाच होता, आणि तिच्या आईचाही तसाच असणार.

आता त्या घरात पहाटे दोघीजणी उपाशीपोटी पाण्याबरोबर गोळी घेतात, आणि कोऱ्या चहाचं टोप अर्ध्या तासाने चुलीवर चढतं. धाकटी बहीण दुसरीत आहे. तिच्या गळ्याला अजून काही नाही. तिची आईच मला परवा म्हणाली, "बाई, हिचा पण बघून घ्या. आमच्या घराण्यात आसा."